पिशवीचं (गर्भाशयाचं) ऑपरेशन ठरलंय? पोट न उघडता ते कसं होतं आणि आधी काय विचारायचं

"सिस्टर, माझं पोट कापणार की दुर्बिणीतून करणार?"

थिएटरच्या दाराशी हिरवा गाऊन घालून बसलेली बाई हे विचारते तेव्हा मला फार वाईट वाटतं. हा प्रश्न तिथे विचारायचा नसतो. तो महिनाभर आधी, ओपीडीत, डॉक्टरांच्या समोर बसून विचारायचा असतो. आणि वाटा दोनच आहेत असं तिला वाटतं, तेही खरं नाही. तिसरी वाट आहे, तीनही वाटांमध्ये तीच सगळ्यांत जुनी. खालून, म्हणजे योनीमार्गातून पिशवी काढायची. पोटावर एकही टाका नाही.

मी डॉक्टर नाही. बावीस वर्षं स्त्रीरोग विभागाच्या थिएटरमध्ये नर्स म्हणून काम केलं. पोट उघडलेली बाई तिसऱ्या दिवशी पोटाशी उशी धरून, ओठ आवळून खोकते, आणि खालून ऑपरेशन झालेली बाई दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्या पायांनी बाथरूमला जाते. हे दोन्ही मी इतक्या वेळा पाहिलंय की त्याबद्दल गप्प बसवत नाही. हा लेख त्या बाईसाठी, आणि तिच्यासोबत फाइल धरून येणाऱ्या नवऱ्यासाठी, जावेसाठी, लेकीसाठी आहे.

पहिली पायरी: काढायचीच आहे का?

सगळ्यांत कमी कापाकापीचं ऑपरेशन म्हणजे जे करावंच लागलं नाही ते. म्हणून सुरुवात इथून.

सोनोग्राफीच्या कागदावर "बल्की युटेरस" असं छापून येतं आणि घरात रडारड सुरू होते. त्याचा अर्थ एवढाच की पिशवी नेहमीपेक्षा थोडी मोठी आहे. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी जराशी मोठी असतेच. तो आजार नाही, आणि नुसत्या त्या दोन शब्दांवर कुणी पिशवी काढायला सांगत असेल तर उठून दुसरीकडे दाखवा. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, "ठेवली तर पुढे कॅन्सर होईल" ही कारणंही तशीच. पांढरं जाण्यावर औषध असतं. कॅन्सरची भीती असेल तर त्याची तपासणी असते.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचं काय झालं हे आपण विसरता कामा नये. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ते पुढे आणलं. सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यांत तिशी-पस्तिशीच्या बायका होत्या. नको असलेली ही ऑपरेशनं थांबावीत म्हणून केंद्राने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि त्या राज्यांनी लागू कराव्यात असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सांगितलं. दुसरं मत मागणं हा उद्धटपणा नाही, हे मनात पक्कं करा. जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात केसपेपर काढून ते मिळतं.

पाळीत फार जात असेल तर ऑपरेशनच्या आधीचे पर्याय विचारा. रक्त जाणं कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या, हार्मोनच्या गोळ्या, किंवा पिशवीत बसवायची हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू, जिला बहुतेक जण मिरेना म्हणूनच ओळखतात. ती एकदा बसवली की पाच वर्षं काम करते आणि पुष्कळ जणींची पाळी त्यावर अगदी नावापुरती उरते. पिशवीच्या आत पॉलिप किंवा छोटी गाठ असेल तर खालून दुर्बीण आत घालून तेवढीच काढता येते, आणि बहुतेकदा त्याच संध्याकाळी घरी जाता येतं. मूल हवं असेल तर नुसत्या गाठी काढून पिशवी ठेवतात. गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याचाही उपाय आहे, तो रेडिओलॉजिस्ट करतात.

हे सगळं करूनही रक्त जाणं थांबत नाही, गाठी खूप मोठ्या आहेत, अंग बाहेर आलंय (म्हणजे पिशवी खाली उतरलीय), किंवा कॅन्सर निघालाय, तर ऑपरेशन योग्यच. मग पुढचं वाचा.

दुसरी पायरी: फाइल पूर्ण करा

वाट कोणती हे फाइलवर ठरतं, म्हणून अर्धवट फाइल घेऊन तारीख ठरवू नका.

सोनोग्राफीत पिशवीची मापं हवीत. मूल न झालेल्या बाईची पिशवी साधारण सात-आठ सेंटिमीटर लांब, पेरूएवढी असते. डॉक्टर "बारा आठवड्यांची पिशवी" म्हणाले तर घाबरू नका. तुम्ही गरोदर आहात असा त्याचा अर्थ नाही. तिसरा महिना संपताना जेवढी पिशवी असते तेवढा आकार झालाय, एवढंच ते सांगताहेत.

पिशवीच्या तोंडाची पॅप तपासणी (कॅन्सरची चाहूल आधीच देणारी) झालेली हवी. पंचेचाळिशीच्या पुढे पाळी बिघडली असेल तर पिशवीच्या आतल्या अस्तराचा तुकडाही तपासायला जायला हवा. पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त गेलं असेल तर ही तपासणी टाळूच नका. आत कॅन्सर लपलेला असेल तर ऑपरेशनच बदलतं.

आणि हिमोग्लोबिन. महिनोन्‌महिने रक्त गेलेल्या बायका सहा-सात हिमोग्लोबिन घेऊन येतात, पांढऱ्याफटक, जिना चढताना धापा टाकत. तातडीचं नसेल तर रक्तस्राव औषधाने थांबवायचा, शिरेतून लोह द्यायचं आणि तीन-चार आठवड्यांनी ऑपरेशन घ्यायचं. दुसऱ्याचं रक्त चढवण्यापेक्षा स्वतःचं वाढवलेलं केव्हाही चांगलं. या थांबण्यात काही वाया जात नाही.

तिसरी पायरी: वाटा समजून घ्या

खालून करायचं ऑपरेशन. जर्मनीत लांगेनबेक या सर्जनने १८१३ मध्ये अशी पिशवी काढली होती, म्हणजे भूल देण्याचं शास्त्र यायच्याही आधी. आज कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर करतात. बाई जागी असते किंवा हलकी झोपलेली असते. पिशवीच्या तोंडाभोवती छेद घेतात, पुढून लघवीची पिशवी आणि मागून गुदाशय अलगद बाजूला करतात, दोन्ही बाजूंचे बंध आणि रक्तवाहिन्या एकेक बांधत वर जातात आणि पिशवी खाली ओढून काढतात. मग वरचं टोक शिवून टाकतात. छोट्या गावांतल्या दवाखान्यांच्या पाट्यांवर "बिनटाक्याचं गर्भाशयाचं ऑपरेशन" लिहिलेलं असतं ते हेच. टाके असतात, पण सगळे आत असतात आणि आपोआप विरघळतात.

पुष्कळांना वाटतं की अंग बाहेर आलेलं असेल तरच खालून करता येतं. तसं नाही. अंग जागेवर असतानाही खालून करता येतं. मुंबईचे डॉ. शिरीष शेठ यांनी आयुष्यभर हेच शिकवलं. आधी सिझर झालेल्या बाईची लघवीची पिशवी गर्भपिशवीला चिकटलेली असते, म्हणून खालून करायला सर्जन कचरतात. तिथे मधून घुसण्यापेक्षा बाजूच्या मोकळ्या जागेतून आत शिरायचं, ही त्यांनी दाखवलेली वाट जगभरच्या सर्जनांना माहीत आहे. बारा आठवड्यांपर्यंतची पिशवी सवयीच्या हाताला खालून सहसा जमते. त्याहून मोठी असेल तर आतल्या आत लहान करून, फोडी करून काढतात. मी सोळा आठवड्यांची पिशवी तशी निघालेली पाहिली आहे. ट्रेमध्ये तुकडे जमत जातात आणि शेवटी सर्जन ते सगळे जुळवून बघतात की काही राहिलं तर नाही.

या वाटेला महागडं यंत्र लागत नाही, पोटात हवा भरावी लागत नाही, बहुधा पूर्ण भूलही लागत नाही. जगभरचे अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्षही हाच आहे की जिथे जमण्यासारखं आहे तिथे पहिली पसंती खालची. तरी ओपीडीत तिचं नाव क्वचित निघतं. दुर्बिणीची जाहिरात होते, रोबोटची होते, हिची होत नाही. म्हणून हा प्रश्न तुम्हालाच विचारायचा आहे.

दुर्बिणीतून. अमेरिकेत हॅरी रीच यांनी १९८८ मध्ये पहिल्यांदा पूर्ण पिशवी अशी काढली. पूर्ण भूल देतात, बेंबीतून कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुग्यासारखं करतात आणि पाच ते दहा मिलिमीटरची तीन-चार छिद्रं पाडतात. टेबल डोक्याकडे खाली झुकवतात, म्हणजे आतडी वर सरकतात आणि ओटीपोट मोकळं दिसतं. सुटलेली पिशवी बहुतेकदा योनीमार्गातूनच बाहेर घेतात. ओटीपोटात जुनी चिकटण असेल, एन्डोमेट्रिऑसिस (पिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढणं) असेल, बीजांडकोशाला गाठ असेल किंवा खालून जागाच अरुंद असेल, तर दुर्बीण हीच खरी सोय. आत काय आहे ते पडद्यावर डोळ्यांनी दिसतं. मात्र मूत्रवाहिनी (मूत्रपिंडातून लघवी आणणारी नळी) आणि लघवीच्या पिशवीला इजा होण्याचा धोका दुर्बिणीत थोडा जास्त असतो, म्हणून हात अनुभवी हवा. ऑपरेशननंतर खांदा दुखला तर घाबरू नका. उरलेल्या हवेने श्वासपटल चिडतं आणि ती कळ खांद्यात जाणवते. एक-दोन दिवसांत जाते.

पिशवी फार मोठी असेल आणि आत यंत्राने बारीक करून काढणार असतील, तर "बॅगेत ठेवून करणार का?" हे जरूर विचारा. गाठींसाठी ऑपरेशन झालेल्या साधारण साडेतीनशे बायकांत एकीच्या गाठीत न ओळखलेला सार्कोमा नावाचा कॅन्सर असू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये दिला. बॅगेशिवाय पोटात बारीक केलं तर तो पसरू शकतो.

रोबोट म्हणजे दुर्बिणीचंच ऑपरेशन, फक्त हत्यारं यंत्राच्या हातात आणि सर्जन बाजूच्या खुर्चीत. साध्या आजारासाठी त्याने बाईला दुर्बिणीपेक्षा ठळक जास्त फायदा होतो असं दिसलेलं नाही, खर्च मात्र पुष्कळ वाढतो. खूप लठ्ठ बाईत किंवा पिशवीच्या अस्तराच्या कॅन्सरमध्ये त्याचा उपयोग आहे. खालूनच दुर्बीण घालून करायची एक नवी पद्धतही आलीय, तिला व्ही-नोट्स म्हणतात. ती करणारे अजून थोडे आहेत.

आणि पोट उघडणं हा गुन्हा नाही. पिशवी बेंबीपर्यंत आली असेल, चिकटण घट्ट असेल, तर आडवा छेद घेऊन नीट बघून केलेलं ऑपरेशनच सुरक्षित. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये तर लहान छेदाचा हट्ट धरूच नका. २०१८ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या कॅन्सरच्या सुरुवातीच्या अवस्थेत ज्यांचं मोठं ऑपरेशन दुर्बिणीतून किंवा रोबोटने झालं, त्यांच्यात पोट उघडलेल्यांपेक्षा कॅन्सर जास्त वेळा परतला आणि जगण्याचं प्रमाण कमी निघालं. तेव्हापासून तिथे पोट उघडणंच बरोबर मानलं जातं.

चौथी पायरी: डॉक्टरांशी बोला

पुढचे प्रश्न कागदावर लिहून न्या, तिथे गेल्यावर अर्धे विसरतात.

"मॅडम, माझं खालून होईल का? नसेल तर का नाही?" हा पहिला. उत्तर "मी खालून फारसं करत नाही" असं आलं तरी ते प्रामाणिक उत्तर आहे, त्याचा राग मानू नका. ज्या हाताला जी वाट सवयीची, तीच त्या हाताची सुरक्षित वाट. हवं तर खालून करणाऱ्या दुसऱ्या सर्जनला दाखवा. दुसरा प्रश्न, अशी किती ऑपरेशनं तुम्ही करता? तिसरा, मध्येच पोट उघडायची वेळ आली तर? संमतीपत्रावर हे लिहिलेलं असतंच. तशी वेळ आली तर ती चूक नसते, सर्जनने जीव सांभाळलेला असतो. संमतीपत्र मराठीत मागा आणि आदल्या दिवशी घरच्यांसोबत वाचा. स्ट्रेचरवर झोपून सही करू नका.

पैशांचं आधी बघून घ्या. बऱ्याच आरोग्य विम्यांमध्ये पिशवीच्या ऑपरेशनला पहिली दोन वर्षं पैसे मिळत नाहीत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, ते त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

पाचवी पायरी: पिशवीसोबत आणखी काय जाणार?

"पिशवी काढतोच आहोत तर बीजांडकोशही काढून टाकू" हे वाक्य मला नेहमी खटकत आलंय. पाळी चालू असलेल्या बाईचे दोन्ही बीजांडकोश काढले की रजोनिवृत्ती एका दिवसात येते. अंगातून वाफा, झोप उडणं, पुढे हाडं ठिसूळ होणं आणि हृदयविकाराचा धोका. बीजांडकोश निरोगी असतील आणि घरात स्तनाच्या किंवा बीजांडकोशाच्या कॅन्सरचा इतिहास नसेल, तर ते ठेवण्याबद्दल स्पष्ट बोला. पिशवीच्या दोन्ही बाजूंच्या बीजनळ्यांचं उलट आहे. बीजांडकोशाचे बरेच कॅन्सर नळीच्या टोकाला सुरू होतात असं आता समजलंय, म्हणून त्या पिशवीसोबत काढायला सांगतात. ते पटण्यासारखं आहे.

सहावी पायरी: त्या दिवसापर्यंत

मिश्री लावत असाल, तंबाखू खात असाल तर काही आठवडे आधी बंद करा आणि भूलतज्ज्ञांपासून लपवू नका. सासूबाई बाजूला बसल्यात म्हणून "नाही" म्हणणाऱ्या बायका मी पाहिल्यात. लाज वाटत असेल तर आमच्या कानात सांगा. रक्त पातळ करणाऱ्या, मधुमेहाच्या, थायरॉइडच्या गोळ्या आणि गावाकडची सगळी चूर्णं, काढे तपासणीला येताना पिशवीत घालूनच आणा.

नखांचा रंग काढा, दोन दिवस आधी मेंदी लावू नका. बोटाला लावतो ते ऑक्सिजन मोजणारं यंत्र त्याने चुकू शकतं. बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र काढून घरच्यांकडे द्यावं लागतं. मंगळसूत्र काढताना कित्येक जणींचे डोळे भरून येतात, हात थरथरतो. ते कुठल्या अपशकुनासाठी नाही काढत, बाई. रक्त थांबवायला जे विजेचं यंत्र वापरतात, त्याने धातूपाशी चटका बसू शकतो. आदल्या रात्री घरीच, शांतपणे, नवऱ्याच्या हातात काढून द्या. सकाळची घाई टळते.

साधारण सहा तास आधी खाणं बंद, दोन तास आधी पाणी बंद. नेमकी वेळ भूलतज्ज्ञ सांगतील तीच.

सातवी पायरी: घरी आल्यावर

माझा जीव सगळ्यांत जास्त इथे अडकतो.

खालून किंवा दुर्बिणीतून झालेली बाई एक-दोन दिवसांत घरी येते. पोटावर काही दिसत नाही. दुखणंही कमी. आठव्या दिवशी ती स्वतःच उठून हंडा उचलते, किंवा घरातलं कुणी म्हणतं, "टाके तर नाहीत, भाकरी थापायला काय झालं?" आत योनीच्या वरच्या टोकाला टाके आहेत. ते कुणाला दिसत नाहीत, म्हणून त्यांची काळजी कुणी घेत नाही. तो जोड भरायला सहा ते आठ आठवडे लागतात, पोट उघडलेलं असो किंवा नसो. मध्येच तो उसवला तर आतडं खाली येऊ शकतं. असं क्वचित होतं, पण दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर इतर वाटांपेक्षा थोडं जास्त.

म्हणून घरच्यांना स्वच्छ सांगा. सहा आठवडे भरलेली कळशी, सिलिंडर, धुण्याची बादली, कडेवरचं मूल, काही उचलायचं नाही. पाच किलोच्या वर तर नाहीच. उकिडवं बसून काम नाही, शौचाला जोर नाही. त्यासाठी पाणी भरपूर आणि रात्री इसबगोल. आणि शरीरसंबंध सहा ते आठ आठवडे नाहीत, डॉक्टरांनी तपासून हो म्हणेपर्यंत. हे नवऱ्याला बाईने एकटीने सांगायचं नसतं. डिस्चार्जच्या वेळी त्याला समोर बसवा आणि डॉक्टरांकडून किंवा सिस्टरकडून सांगून घ्या. नंतर मात्र संबंध नीट होतात. पिशवी गेली म्हणून बाईपण जात नाही.

झोपून मात्र राहू नका. पहिल्या दिवसापासून घरात चालायचं, नाहीतर पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. हलकं कामकाज दोन-तीन आठवड्यांत जमतं. पोट उघडलेलं असेल तर सहा आठवडे धरा.

दोन-तीन आठवडे गुलाबी, तपकिरी थोडं थोडं जातं, कधी विरघळलेल्या टाक्याचा धागा येतो. चालतं. पण तासाभरात पॅड भिजलं, ताप आला, वास येणारं पाणी जायला लागलं, पोट फुगून उलट्या झाल्या, कुशीत कळ आली, एका पायाची पोटरी सुजली, एकदम धाप लागली, किंवा खालून काही बाहेर आल्यासारखं वाटलं तर रात्र असो की पहाट, दवाखाना गाठा. आणि आठ-दहा दिवसांनी कपडे सारखे ओले राहायला लागले, लघवी न करताही, तर "अशक्तपणा असेल" म्हणून गप्प बसू नका. लघवीच्या पिशवीला किंवा नळीला छिद्र पडल्याची ती खूण असू शकते, आणि त्यावर इलाज आहे. एक बाई लाजेने चार महिने घरात कोपऱ्यात बसून होती, देवळात जाणं सोडलं होतं. दुरुस्तीनंतर ती पेढे घेऊन आली होती.

आठवी पायरी: रिपोर्ट

काढलेली पिशवी तपासणीला गेली का, ते विचारा. साधारण आठवडा-दहा दिवसांनी तिचा हिस्टोपॅथॉलॉजी (सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या तपासणीचा) रिपोर्ट येतो. तो स्वतः जाऊन घ्या आणि डॉक्टरांकडून वाचून घ्या. पिशवीचं तोंड ठेवलं असेल तर पॅप तपासणी पुढेही चालू ठेवावी लागते.

मग फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत चार ओळी लिहून ठेवा: ऑपरेशनची तारीख. कोणत्या वाटेने. पिशवीचं तोंड काढलं की ठेवलं. डावा आणि उजवा बीजांडकोश, काढला की ठेवला. दहा-पंधरा वर्षांनी पोटात दुखतं म्हणून बाई येते, आम्ही विचारतो, आणि ती म्हणते, "काय माहीत, पिशवी काढली एवढंच आठवतं." त्या पानाचा फोटो लेकीच्या मोबाइलवरही पाठवून ठेवा.